तळहातावरचे कांस्य : एकोणिसाव्या शतकातील फ्रेंच पदके आणि सामाजिक प्रश्न

नाणे आणि स्मृतिपदक दिसायला एकाच कुळातले असले, तरी त्यांचे काम वेगळे असते. नाण्यावर किंमत असते आणि ते बाजारात फिरते; पदकाला बाजारात चलन म्हणून काहीच किंमत नसते आणि एखादी व्यक्ती किंवा घटना विस्मरणात जाऊ नये, एवढ्याच हेतूने ते घडवलेले असते. त्याच्या दर्शनी बाजूवर बहुधा एखादा चेहरा आणि मागच्या बाजूवर प्रसंगाचे चित्र व थोडका लेख अशी मांडणी पंधराव्या शतकातल्या इटलीत पिसानेल्लो या चित्रकाराने रूढ केली, आणि तिथून ती युरोपातल्या दरबारांत पसरली. फ्रान्समध्ये चौदाव्या लुईने आपल्या कारकिर्दीच्या पदकांसाठी लॅटिन लेख रचण्याचे काम विद्वानांच्या एका अकादमीवर सोपवले आणि त्या पदकांचा सचित्र ग्रंथ 1702 मध्ये छापून घेतला. पुढे नेपोलियननेही तीच वाट धरली व दोमिनिक व्हिव्हाँ दनाँ या कलाव्यवस्थापकाच्या देखरेखीखाली आपल्या लढायांची आणि तहांची पदके पाडून घेतली. इतिहासाने आपल्याविषयी काय म्हणावे, हे सत्ताधाऱ्याने स्वतःच आधी धातूत लिहून ठेवायचे, अशी ही सोय होती. एकोणिसाव्या शतकात मात्र हीच सोय सत्तेबाहेरच्या माणसांच्या हाती गेली, आणि गुलामगिरीचे निर्मूलन, प्रजासत्ताकाची मागणी, श्रमिकांचा सन्मान, न्यायासाठी दिलेला लढा असे विषय पदकावर आले.

हे कसे घडले ते समजण्यासाठी पदक तयार कसे होते, याकडे आधी पाहावे लागते; कारण कोणाला काय बोलता येईल, हे बऱ्याच अंशी घडणीच्या पद्धतीवर ठरत होते. पहिली पद्धत ठशाची. पोलादाच्या ठोकळ्यावर कोरक्या चित्र उलटे आणि खोलगट कोरतो, मग तो ठोकळा तापवून पाणी देऊन कठीण केला जातो, आणि अशा दोन ठशांच्या मधे धातूची चकती ठेवून ती जबर दाबयंत्राखाली दाबली जाते. उठाव जास्त हवा असेल, तर चकती मधून मधून तापवून मऊ करत पुन्हा पुन्हा दाबावी लागते. या पद्धतीने एकसारख्या शेकडो प्रती निघतात, पण तिला यंत्र लागते, आणि फ्रान्समध्ये ते यंत्र सरकारच्या हाती होते. 1804 च्या आदेशानुसार पदके पॅरिसच्या सरकारी टांकसाळीखेरीज इतरत्र पाडण्यास मनाई होती. म्हणजे एखाद्या संस्थेला, शहराला किंवा वर्गणीदारांच्या मंडळाला पदक काढायचे असेल, तर टांकसाळीचे दार ठोठावणे भाग होते, आणि कोणत्या कारणासाठी पदक निघावे यावर सरकारची नजर आपोआप राहत होती. 1832 पासून या टांकसाळीने पदकाच्या कडेवर धातूचे नाव आणि एक छोटे चिन्ह उमटवण्यास सुरुवात केली. आधी दिवा, मग जहाजाचा नांगर, गलबताची नाळ, 1845 पासून बोट दाखवणारा हात, 1860 पासून मधमाशी आणि 1880 पासून धनधान्याने भरलेले शिंग. जुने ठसे जपून ठेवून त्यांवरून नव्या प्रती काढत राहण्याची टांकसाळीची रीत असल्यामुळे, पदकावरचे साल आणि ती विशिष्ट प्रत पाडल्याचा काळ यांत अनेकदा अंतर असते, आणि ते ओळखायचे तर कडेवरच्या या चिन्हाचाच आधार घ्यावा लागतो.

दुसरी पद्धत ओतकामाची. मेणात किंवा मातीत नमुना करायचा, त्यावरून वाळूचा साचा घ्यायचा आणि त्यात वितळलेले कांस्य, म्हणजे तांबे व कथील यांचा मिश्रधातू, ओतायचा. ही पद्धत संथ, प्रती थोड्या, आणि प्रत्येक प्रत हाताने साफ करावी लागणारी; पण तिला टांकसाळीचे दाबयंत्र लागत नाही, एखादा खाजगी ओतारी पुरतो. सरकारी मेहरबानीवर अवलंबून न राहता पदकाच्या भाषेत बोलू पाहणाऱ्या शिल्पकाराला ही वाट मोकळी होती, आणि त्या वाटेने सर्वांत लांब चालत गेलेला कलावंत म्हणजे पिएर-झाँ दाव्हिद.

1788 मध्ये आँझे या शहरात जन्मलेल्या या शिल्पकाराने, झाक-लुई दाव्हिद या प्रख्यात चित्रकाराशी नामसाम्याचा घोटाळा होऊ नये म्हणून, आपल्या नावाला गावाचे नाव जोडले आणि तो दाव्हिद दाँझे म्हणून ओळखला जाऊ लागला. 1811 मध्ये त्याला रोमला जाऊन शिकण्याचे सर्वोच्च सरकारी पारितोषिक मिळाले, आणि पुढे पॅरिसच्या पाँतेआँ या राष्ट्रीय स्मारकाच्या दर्शनी त्रिकोणावरचे शिल्प, जे 1837 मध्ये खुले झाले, त्यानेच घडवले. अधिकृत मान्यता अशी भरभरून मिळालेली असताना त्याचे मन मात्र अखेरपर्यंत प्रजासत्ताकवादीच राहिले, आणि त्या मनाचा खरा आलेख त्याच्या 500 हून अधिक कांस्य पदकमुद्रांमध्ये सापडतो. पदकमुद्रा म्हणजे एकाच बाजूने घडवलेले, बहुधा वितीएवढे किंवा त्याहून लहान असलेले गोल व्यक्तिचित्र. दाव्हिद पाटीच्या दगडावर मेणाने नमुना करी, ज्यामुळे काळसर पृष्ठभागावर चेहऱ्याची कडा चटकन उठून दिसे. चेहऱ्याशेजारी त्या व्यक्तीचे नाव, अनेकदा तिच्याच सहीच्या वळणात, आणि स्वतःची सही व साल तो कोरत असे. पाटीचा दगड ही आँझेच्या परिसरातली प्रसिद्ध उपज आहे, हा योगायोग लक्षात घेण्याजोगा आहे. चेहरा बाजूनेच दाखवण्यावर त्याचा कटाक्ष होता. समोरून पाहिलेला चेहरा पाहणाऱ्याकडे बघतो व त्याच्यासाठी भाव बदलतो, तर बाजूने दिसणारा चेहरा दुसऱ्याच कशाशी तरी संवादात असतो आणि म्हणून स्वभाव लपवू शकत नाही, अशी त्याची धारणा होती. कवटीच्या आकारावरून बुद्धी व वृत्ती ओळखता येतात, या त्या काळी लोकप्रिय असलेल्या आणि आज पूर्णपणे मोडीत निघालेल्या कल्पनेचाही त्याच्यावर प्रभाव होता. प्रतिभावंतांची कपाळे त्याच्या हातून जरा जास्तच भव्य झालेली दिसतात, त्याचे कारण हेच.

या पदकमुद्रांच्या दालनात गटे, पागानीनी, बाल्झाक, व्हिक्टर ह्युगो, जॉर्ज साँ अशी नावे आहेत, आणि सहसा लेखकांचे लक्ष त्यांच्याकडेच जाते. परंतु दाव्हिदने कोणाकोणाची निवड केली हे बारकाईने पाहिले, तर एक वेगळी यादी डोळ्यांपुढे येते. फ्रेंच क्रांतीच्या काळात, जेव्हा 1794 मध्ये गुलामगिरी पहिल्यांदा आणि थोड्याच काळापुरती रद्द झाली, तिच्याविरुद्ध उभा राहिलेला धर्मगुरू आबे ग्रेग्वार हा बूर्बाँ राजघराणे पुन्हा सत्तेवर आल्यानंतर सत्तेच्या दृष्टीने नकोसा माणूस झाला होता. नेमक्या त्याच काळात, 1828 मध्ये, दाव्हिदने त्याचे पदक केले. क्वेकर पंथाची इंग्रज लेखिका आणि गुलामगिरीविरोधी कार्यकर्ती अमेलिया ओपी पॅरिसला आली, तेव्हा 1829 मध्ये तिचेही केले. फ्रान्सचे राष्ट्रगीत रचणारा रुझे द लील म्हातारपणी कर्जापायी तुरुंगात जाण्याच्या अवस्थेला पोचला होता. दाव्हिदने त्याचे व्यक्तिचित्र घडवले आणि संगमरवरातली एक मुद्रा सोडतीला लावून तिचे पैसे त्या म्हाताऱ्या सैनिकाला मिळवून दिले. पोलिश कवी मित्स्क्येविच, ग्रीक स्वातंत्र्ययुद्धातला दर्यावर्दी कानारिस, दक्षिण अमेरिकेचा मुक्तिदाता बोलिव्हार हेही या दालनात आहेत. 1822 मध्ये राजसत्तेविरुद्ध कट केल्याच्या आरोपावरून पॅरिसच्या ग्रेव्ह चौकात शिरच्छेद झालेल्या ला रोशेलच्या चार सार्जंटांच्या स्मरणार्थ त्याने घडवलेले पदक तर उघडउघड राजकीय आहे. ज्यांच्या नावाने दगडी स्मारक उभारणे त्या राजवटीत अशक्य होते, त्यांचे स्मारक टेबलाच्या खणात मावेल एवढे करून त्याने तो प्रश्न सोडवला. या मुद्रा तो बव्हंशी मित्रांना, संस्थांना आणि स्वतः त्या व्यक्तींना भेट देत असे. आँझे शहराला त्याने आपल्या कामाचा मोठा साठा दिला आणि तिथे त्याच्या नावाचे दालन त्याच्या हयातीतच, 1839 मध्ये, सुरू झाले. 1984 पासून हा संग्रह त्याच शहरातल्या तूसाँ मठाच्या जुन्या चर्चवास्तूत मांडलेला आहे.

दाव्हिदची सामाजिक दृष्टी किती पुढारलेली होती आणि ती कुठे थांबत होती, हे दोन्ही स्त्रासबूर्गमधल्या गूटेनबेर्गच्या स्मारकावर एकाच वेळी दिसते. मुद्रणकलेच्या चारशेव्या वर्षानिमित्त 1840 मध्ये उभारलेल्या या पुतळ्याच्या चौथऱ्यावर चार खंडांना छपाईने काय दिले, हे सांगणारी चार कांस्य उठावशिल्पे आहेत. आफ्रिकेच्या शिल्पात गुलामगिरीविरोधी इंग्रज नेता विल्बरफोर्स हाती पुस्तक असलेल्या आफ्रिकी माणसाला छातीशी धरतो, त्याचा सहकारी क्लार्कसन दुसऱ्याच्या बेड्या काढतो, ग्रेग्वार तिसऱ्याला उभे राहायला हात देतो, खाली मोडलेल्या बेड्या आणि चाबूक पडलेले आहेत व स्त्रिया मुलांना आकाशाकडे उंचावत आहेत. फ्रेंच वसाहतींमध्ये गुलामगिरी अजून कायद्याने चालू असताना सार्वजनिक चौकात हे मांडणे धाडसाचे होते. तरीही ज्यांना नाव आहे ते सगळे युरोपीय आहेत, आणि ज्यांना मुक्ती मिळते त्यांच्यापैकी एकाचेही नाव नाही. शेजारच्या आशियाच्या शिल्पात हा तोल थोडा बदलतो. तिथे विल्यम जोन्स आणि आँकतिल-द्युपेराँ हे पौर्वात्यविद्येचे अभ्यासक ब्राह्मणांना छापील पुस्तके देताना आणि त्यांच्याकडून हस्तलिखिते घेताना दाखवले आहेत, म्हणजे देवाणघेवाण दोन्ही बाजूंनी आहे. आणि त्याच शिल्पात राजा राममोहन रॉय यांना स्वतंत्र, नावानिशी स्थान आहे. 1833 मध्ये इंग्लंडात निधन पावलेल्या या बंगाली सुधारकाला अवघ्या सात वर्षांत एका फ्रेंच चौकातल्या कांस्यात जागा मिळावी, याचे श्रेय शिल्पकाराच्या वाचनाला द्यावे लागते.

फेब्रुवारी 1848 च्या क्रांतीने राजसत्ता गेली, आणि दाव्हिद संविधानसभेवर निवडून आला व पॅरिसच्या एका विभागाचा महापौरही झाला. 27 एप्रिल 1848 च्या आदेशाने फ्रेंच वसाहतींमधली गुलामगिरी दुसऱ्यांदा आणि कायमची संपली. त्यामागे व्हिक्टर शेल्शेर या राजकारण्याचा अनेक वर्षांचा प्रयत्न होता. मात्र त्या वर्षातली पदकांची खरी गंमत मोठ्या कलावंतांच्या कामात नाही. टांकसाळीचा वचक सैल पडताच कथील, शिसे, पितळ असल्या हलक्या धातूंमधली पदके रस्त्यावर विकली जाऊ लागली. कामाचा हक्क, राष्ट्रीय कार्यशाळा, राजकीय क्लब, तुरुंगात पडलेले नेते आणि जूनमधल्या रक्तरंजित उठावाचे बळी असे विषय त्यांवर अत्यंत ओबडधोबड अक्षरांत येत होते. बेरोजगारांना काम देण्यासाठी उघडलेल्या राष्ट्रीय कार्यशाळा बंद करण्याच्या निर्णयावरून 23 ते 26 जून या दिवसांत पॅरिसचे कामगार बॅरिकेडवर उभे राहिले आणि सैन्याने त्यांना चिरडले. या चार दिवसांच्या दोन्ही बाजू पदकांवर आढळतात. फेलिसियाँ द सोल्सी या नाणकशास्त्रज्ञाने ही सगळी जत्रा गोळा करून तिच्या चित्रांचा संग्रह प्रसिद्ध केला नसता, तर तिच्यातले बरेच काही भट्टीत गेले असते. सौंदर्याच्या कसोटीवर यातली फार थोडी पदके टिकतील; पण सामान्य माणसाला त्या वर्षी नेमके काय हवे होते, हे त्यांच्याइतके थेट दुसरीकडे क्वचितच वाचायला मिळते. डिसेंबर 1851 मध्ये राष्ट्राध्यक्ष लुई-नेपोलियनने सत्ता बळकावली, दाव्हिदला अटक झाली आणि मग परदेशी जावे लागले. बेल्जियम व ग्रीसमध्ये काही काळ काढून तो परतला आणि 1856 मध्ये पॅरिसमध्ये वारला.

दुसऱ्या साम्राज्याच्या, म्हणजे तिसरा नेपोलियन म्हणून सम्राट झालेल्या याच लुई-नेपोलियनच्या, काळात एका पदकावरून जे घडले ते या साऱ्या इतिहासातले सर्वांत बोलके प्रकरण म्हणता येईल. एप्रिल 1865 मध्ये अब्राहम लिंकनची हत्या झाली, तेव्हा नाँत शहरातल्या एका विरोधी वृत्तपत्राने त्याच्या विधवेला सुवर्णपदक भेट देण्यासाठी वर्गणी सुरू केली आणि ती प्रत्येकी दहा सांतीम, म्हणजे बोलीभाषेत दोन सू, एवढीच ठेवली. रक्कम इतकी लहान ठेवण्यामागे हिशेब होता: पैसा थोडा जमला तरी चालेल, नावे मात्र पुष्कळ हवीत. सुमारे 40,000 लोकांनी वर्गणी दिली, आणि समितीत व्हिक्टर ह्युगो, लुई ब्लाँ, शेल्शेर, मिशले, एदगार किने अशी, काही तर परागंदा असलेली, साम्राज्यविरोधी माणसे होती. लोकशाहीवादी अमेरिकन अध्यक्षाच्या नावाने चाललेली ही नोंदणी म्हणजे सरकारविरोधी माणसांची मोजणीच आहे, हे सम्राटाच्या अधिकाऱ्यांना कळण्यासारखे होते आणि ते कळलेही. त्यांनी आडकाठी केली, आणि पदक अखेर स्वित्झर्लंडमध्ये पाडून घ्यावे लागले. टांकसाळीची मक्तेदारी एका सरहद्दीने निष्प्रभ ठरली. फ्रँकी मान्यादास याने कोरलेले हे पदक 1866 मध्ये अमेरिकन राजदूत जॉन बिगेलो याच्याकडे श्रीमती लिंकनसाठी सुपूर्द करण्यात आले.

या पदकाच्या लेखातच त्याची धार आहे. अर्पण फ्रान्सच्या सरकारकडून नव्हे, फ्रेंच लोकशाहीकडून आहे, आणि लिंकनने गुलामगिरी नष्ट केली, संघराज्य सावरले व स्वातंत्र्याच्या पुतळ्यावर पडदा न टाकता प्रजासत्ताक वाचवले, असे त्यावर म्हटले आहे. पडद्याची ही प्रतिमा फ्रेंच वाचकाला ओळखीची होती. देवांच्या मूर्ती झाकतात तसा, संकटाच्या वेळी स्वातंत्र्यावरही काही काळ पडदा ओढावा लागतो, असा विचार मॉन्टेस्क्यूने अठराव्या शतकात मांडला होता, आणि सुव्यवस्थेच्या नावाखाली वृत्तपत्रे व सभा यांची मुस्कटदाबी करणारे साम्राज्य त्याच विचाराच्या आधारावर उभे होते. चार वर्षांचे यादवी युद्ध लढूनही लिंकनने निवडणूक टाळली नाही, हे सांगताना पदक खरे तर पॅरिसबद्दल बोलत होते. सम्राटाचे नाव त्यावर कुठेही नाही आणि तरीही आरोप पूर्ण आहे. धातूवर जागा थोडी असते, तिचा असा उपयोग करणे फार कमी जणांना साधले आहे. याच वर्तुळाने पुढे, साम्राज्य कोसळल्यानंतर, 1874 मध्ये जॉन ब्राऊनच्या विधवेलाही सुवर्णपदक पाठवले. गुलामांच्या सशस्त्र उठावाचा प्रयत्न करणाऱ्या ब्राऊनला फाशी देऊ नये, असे आवाहन ह्युगोने हद्दपारीतून 2 डिसेंबर 1859 रोजी लिहिले होते. फाशी त्याच दिवशी झाली.

सरकारनेही सामाजिक कारणांसाठी पदके काढली, परंतु त्यांचा सूर निराळा होता. कृषी प्रदर्शनांत एकाच शेतावर वर्षानुवर्षे राबलेल्या गड्यांना व मोलकरणींना पदक देण्याची प्रथा शतकाच्या मध्यापर्यंत इतकी रुळली होती, की फ्लोबेरने ‘मादाम बोव्हारी’ या 1857 च्या कादंबरीत तिच्यावर एक जळजळीत प्रसंग लिहिला: चोपन्न वर्षे एकाच घरी काम केलेल्या वृद्ध कातरीन लरूला मंचावर बोलावून पंचवीस फ्रँक किमतीचे रौप्यपदक दिले जाते, आणि प्रार्थनेसाठी ते गावच्या धर्मगुरूला देऊन टाकू, एवढेच तिला सुचते. 1886 मध्ये साम्राज्यानंतर आलेल्या तिसऱ्या प्रजासत्ताकाने हीच कल्पना कारखान्यांत नेली आणि एकाच आस्थापनेत तीस वर्षांहून अधिक नोकरी केलेल्यांसाठी श्रमाचे सन्मानपदक सुरू केले. कामगार चळवळ वेतन आणि कामाचे तास यांविषयी बोलत असताना राज्य चिकाटीला पदक देत होते. देणाऱ्यांचा हेतू कदाचित प्रामाणिक असेल, पण मालक न बदलणे हा गुण म्हणून गौरवला जातो, तेव्हा गौरव कोणाच्या सोयीचा आहे, ही शंका येतेच.

याच सरकारी पदकांमध्ये कलेच्या दृष्टीने मात्र मोठी क्रांती झाली. युबेर पाँस्कार्म या पदककाराने 1867 च्या एका व्यक्तिपदकात उंच कड आणि आरशासारखा चकचकीत पृष्ठभाग काढून टाकला, अक्षरे चेहऱ्याशी एकजीव केली, आणि त्याच्या हाताखालून व प्रभावातून पुढची पिढी तयार झाली. तिच्या मदतीला लघुकरण यंत्र आले: कलावंत मोठ्या आकारात नमुना करी, यंत्राची एक बोथट सुई त्या नमुन्यावरून फिरे आणि तिच्याशी जोडलेली दुसरी धारदार सुई तेच वळण लहान आकारात पोलादात कापत जाई. त्यामुळे कोरक्याच्या करकरीत रेषेऐवजी हाताने दाबलेल्या मातीचा मऊपणा ठशात उतरला. या मऊपणाचा उस्ताद म्हणजे ऑस्कर रोती. मुलींसाठी सरकारी माध्यमिक शाळा काढणारा, कामीय से या लोकप्रतिनिधीच्या नावाने ओळखला जाणारा 21 डिसेंबर 1880 चा कायदा गौरवण्यासाठी रोतीने केलेले पदक अतिशय देखणे आहे. पण त्यावरचा लॅटिन लेख सांगतो, की पुढे पुरुषांच्या माता होणार असलेल्या कुमारिकांना प्रजासत्ताक शिक्षण देते. या नव्या शाळांच्या अभ्यासक्रमात लॅटिन नव्हते, आणि विद्यापीठाचे दार उघडणाऱ्या परीक्षेसाठी मुलांसारखाच अभ्यासक्रम मुलींना मिळायला 1924 साल उजाडावे लागले. म्हणजे ज्यांच्या सन्मानार्थ पदक होते, त्यांना त्यावरचे वाक्य वाचता येईल अशी तरतूदच कायद्याने केलेली नव्हती. सुधारणेची मर्यादा सुधारणेच्या स्मारकावरच इतक्या स्वच्छ अक्षरांत कोरलेली क्वचित सापडते.

पाँस्कार्मच्याच हाताखाली शिकलेला, पॅरिसच्या श्रमिक कुटुंबातून आलेला आलेक्सांद्र शार्पाँतिए मात्र वेगळ्या वळणाचा निघाला. भाकरी भाजणारे कामगार त्याने भाजक्या विटांच्या मोठ्या उठावचित्रात उतरवले, जे आजही पॅरिसच्या सिपियाँ चौकात आहे, आणि दारांच्या मुठींपासून आयताकृती लघुपट्टिकांपर्यंत, रोजच्या घरात शिरेल अशी शिल्पकला त्याने केली. 13 जानेवारी 1898 रोजी कादंबरीकार एमिल झोलाने, देशद्रोहाच्या खोट्या आरोपावरून शिक्षा झालेल्या निरपराध कॅप्टन द्रेफ्यूसच्या बाजूने राष्ट्राध्यक्षांना लिहिलेले अनावृत पत्र ‘लोरोर’ या दैनिकात छापले; त्याबद्दल त्याला एक वर्षाची कैद आणि 3,000 फ्रँक दंड झाला आणि त्याने इंग्लंड गाठले. त्याच्या समर्थकांनी वर्गणी काढून जे पदक करवले, ते शार्पाँतिएच्या हातचे आहे. त्यावर झोलाचा चेहरा आहे, त्या पत्राची तारीख आहे, आणि सत्य मार्गस्थ झाले असून त्याला आता कोणी रोखू शकणार नाही, अशा आशयाचे झोलाचेच वाक्य आहे. द्रेफ्यूस अजून दोषमुक्त झाला नव्हता, निकाल 1906 मध्ये लागायचा होता. घडून गेलेल्या गोष्टीची आठवण ठेवणाऱ्या या कलाप्रकाराने इथे न घडलेल्या गोष्टीची हमी दिली. रस्त्यावर झोलाच्या पुस्तकांच्या होळ्या होत होत्या आणि त्याच्या विरोधकांचीही स्वतःची पदके व बिल्ले निघत होते, हे लक्षात घेता ती हमी स्वस्त नव्हती.

1899 मध्ये रोझे मार्क्स या कलासमीक्षकाच्या पुढाकाराने फ्रेंच पदकाच्या चाहत्यांची संस्था स्थापन झाली आणि ती आपल्या सभासदांसाठी निवडक कलावंतांकडून पदके करवून घेऊ लागली. पदककलेला त्यातून मान, संग्रहालयात जागा आणि चोखंदळ ग्राहक मिळाले. प्रती मात्र सभासदांपुरत्या निघू लागल्या, आणि दोन सू देऊन ज्यांत सामील होता येत होते, तशा पदकांची जागा संग्राहकांच्या मखमली पेट्यांनी घेतली.